फ्रेंचची एकटीची ट्यूशन लावा, पण आधी तिचा पेपर उघडून बघा

पत्र:

नमस्कार ताई, आम्ही बडोद्याला मांजलपूरला राहतो, मुलगी नववीत आहे, सीबीएसई, इंग्लिश मिडियम. सहावीत सेकंड लँग्वेज निवडायची वेळ आली तेव्हा तिच्या सगळ्या मैत्रिणींनी फ्रेंच घेतलं, सगळे म्हणाले स्कोरिंग आहे, म्हणून आम्हीही घेतलं. आठवीपर्यंत मार्क छान पडत होते. यंदा शाळेतल्या फ्रेंचच्या मॅडम सोडून गेल्या, दोन महिने कोणी नव्हतंच, आता नवीन आल्यात त्या फार भराभर शिकवतात म्हणे. सहामाहीला ८० पैकी ३१ आले. अलकापुरीला एक बॅच लावली होती पण तिथे इतकी मुलं असतात की हिचा नंबरच लागत नाही, नोट्स देतात आणि पाठ करा म्हणतात. आता एकटीसाठी ट्यूशन लावावी म्हणतोय. एक मॅडम घरी येऊन शिकवायला तयार आहेत पण वर्षभराची फी आधी मागतात. दुसरा एक मुलगा ऑनलाइन शिकवतो, तो स्वस्त आहे. आम्हा दोघांनाही फ्रेंचचं एक अक्षर येत नाही, मग शिकवणारं माणूस चांगलं आहे की नाही हे कळणार कसं? त्यात सासूबाई रोज म्हणतात संस्कृत घेतलं असतं तर घरात आजोबाच होते शिकवायला. मुलगी परवा रडली, म्हणाली मला फ्रेंच जमणारच नाही. डेल्फची, म्हणजे शाळेबाहेरची ती फ्रेंचची परीक्षा पण द्यायला लावावी का? प्लीज सांगा.
– एक आई

उत्तर:

तुमचं पत्र वाचलं आणि पहिली गोष्ट सांगते, एकटीची ट्यूशन लावायचा विचार बरोबर आहे, तिला त्याचीच गरज आहे. भाषा हा विषय असा आहे की मुलाला स्वतः तोंड उघडायला मिळालं नाही तर वर्षभर वर्गात बसूनही काही हाती लागत नाही, आणि मोठ्या बॅचमध्ये एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला दोन-चार मिनिटं येतात, तीही लाजऱ्या मुलांना मिळत नाहीत. पण ट्यूशन लावायच्या आधी एक काम करा, ज्याला पैसे लागत नाहीत. तिचा सहामाहीचा पेपर मागून घ्या आणि तिला शेजारी घेऊन बसा. शाळा घरी देत नसेल तर ओपन हाउसला बघायला मिळतो, तिथे फोटो काढू का म्हणून विचारा, बऱ्याचदा नाही म्हणत नाहीत.

तुम्हाला फ्रेंच येत नाही याने काही बिघडत नाही, कारण तुम्हाला फक्त बघायचंय की मार्क कुठे गेले. सीबीएसईचा फ्रेंचचा पेपर ८० मार्कांचा, बाकीचे २० शाळेकडे. त्या ८० मध्ये चार भाग असतात, उतारा वाचून उत्तरं, लेखन, ग्रामर आणि कल्चर म्हणजे पुस्तकातल्या धड्यांवरचे प्रश्न. गेली काही वर्षं बोर्डाच्या पेपरात साधारण वाचनाला १०, लेखनाला २०, ग्रामरला ३० आणि कल्चरला २० अशी वाटणी चालत आलीय, शाळेचे पेपर पण बहुतेक त्याच धर्तीवर काढतात, तरी बोर्डाच्या अ‍ॅकॅडमिक साइटवर चालू वर्षाचा सॅम्पल पेपर असतो तो एकदा उतरवून घ्या. आता बघा, कल्चरला चांगले मार्क आहेत आणि ग्रामरला नाहीत असं असेल तर मुलगी अभ्यास करतेय, पाठ करतेय, पण पाया कच्चा आहे. ग्रामर बरं आहे आणि लेखनात गेले असतील तर तिला नियम येतात पण स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही. आणि सगळीकडेच सारखे गेले असतील तर मग ते दोन महिने मॅडम नव्हत्या त्यातलं नुकसान आहे, ते भरून काढायला फार दिवस लागत नाहीत कारण तिला जमत नाही असं नाही, तिला कोणी शिकवलंच नाही. या तिन्हीला ट्यूशन वेगवेगळी लागते. म्हणून म्हणते आधी पेपर बघा.

आठवीपर्यंत मार्क छान आणि नववीत एकदम आपटली, हे फ्रेंचमध्ये घरोघरी होतं. सहावी-सातवीत काय असतं, रंगांची नावं, वारांची नावं, माझं नाव अमुक, मी अमुक ठिकाणी राहते, चार-पाच क्रियापदं. ते पाठ करून चालतं. नववीत ते ‘आँत्र ज्यन’चं पुस्तक येतं आणि एकदम क्रियापदांचे काळ, सर्वनामं, लांब उतारे असं सगळं अंगावर येतं, दहावीला तर सुब्जाँक्तीफपर्यंत, म्हणजे इच्छा, शंका दाखवणाऱ्या क्रियापदाच्या रूपांपर्यंत जातात, जे बाहेरच्या परीक्षांत बी-वन लेव्हलला शिकवतात (तिथे ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू अशा चढत्या लेव्हल असतात). म्हणजे ग्रामर पुढे धावतं आणि बोलणं मागेच राहतं. पाठांतरावर आलेली मुलं इथे अडकतात, हुशार मुलंसुद्धा. हे तिला सांगा, तिला ऐकायची गरज आहे.

घरच्या घरी एक तपासणी करा. तिला म्हणा चार क्रियापदं वर्तमानकाळात म्हणून दाखव, एत्र, अव्वार, आले, फॅर, म्हणजे असणे, जवळ असणे, जाणे, करणे. पुस्तक तिच्या हातात नको, तुमच्या हातात. अडखळली तर समजा पाया इथे कच्चा आहे, कारण फ्रेंचमधला पासे कोंपोझे नावाचा भूतकाळ या पहिल्या दोघांच्या आधारावरच उभा आहे, ती दोन पक्की नसतील तर तो कितीही वेळा समजावला तरी डोक्यावरून जाणार.

आणि इथे तुमच्या सासऱ्यांना कामाला लावा. मी गंभीरपणे सांगतेय. संस्कृत शिकवलेला माणूस म्हणजे रूपं पाठ करून घ्यायचा ज्यांना सराव आहे असा माणूस, संस्कृतात एका काळाची नऊ रूपं असतात, फ्रेंचमध्ये द्विवचन नसल्यामुळे सहाच. आजोबांनी रोज संध्याकाळी दहा मिनिटं पुस्तक हातात धरून बसावं आणि नातीने म्हणावं, ज्य स्वी, त्यु ए, इल ए, नू सोम, वू एत, इल सों. आजोबांना अर्थ कळायची गरज नाही, पुस्तकात लिहिलंय तसं येतंय का एवढं बघायचं. फक्त आजोबांना एक आधी सांगून ठेवा की फ्रेंचमध्ये लिहिलेलं सगळं उच्चारत नाहीत, नाहीतर ते प्रत्येक अक्षर वाचायला लावतील. उदाहरणार्थ पार्ले म्हणजे बोलणे हे क्रियापद घ्या, ज्य पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल आणि अनेकवचनातलं इल पार्ल हे चारही कानाला अगदी सारखे लागतात पण लिहिताना शेवट वेगवेगळे, कुठे एस लागतो, कुठे ईएनटी लागतं, आणि ते ऐकू येत नाही. म्हणून मुलांचे स्पेलिंगचे मार्क जातात. आणि याच्या उलट एक जागा अशी आहे की जिथे एका आवाजाने अर्थ बदलतो, इल सों म्हणजे ते आहेत आणि इलझों म्हणजे त्यांच्याकडे आहे, स आणि झ एवढाच फरक, आजोबांना तो नक्की ऐकू येईल आणि चुकली तर पकडतील. सासूबाईंचं म्हणणं पण यात राहील, घरातल्या माणसाचा उपयोग व्हावा एवढंच त्यांना वाटतंय ना.

विषय बदलायचा विचार मात्र आता सोडून द्या. नववीत बोर्डाचं रजिस्ट्रेशन होतं, पुढे दहावीला विषय बदलणं फार अवघड, आणि समजा बदललाच तर संस्कृतचं सहावीपासूनचं सगळं नव्याने करायला लागेल. संस्कृत घ्यायला हवं होतं हे वाक्य तिच्यासमोर घरात कोणी म्हणू नये, एवढं सासूबाईंना तुमच्या पद्धतीने सांगा, त्या वाक्याने अभ्यास होत नाही, मुलगी खचते तेवढी.

आता मला जे सगळ्यात जास्त सांगायचंय ते. मुली इंग्लिश मिडियमच्या, फ्रेंच शिकवलं जातं इंग्लिशमधून, त्यामुळे मूल मनात इंग्लिश वाक्य तयार करतं आणि मग त्याचं फ्रेंच करायला जातं. आणि नेमक्या ज्या ठिकाणी मुलं अडतात त्यातल्या कितीतरी ठिकाणी फ्रेंच इंग्लिशसारखं नसतंच, मराठीसारखं असतं. घरात मराठी बोलणाऱ्या मुलीकडे हे सगळं आधीपासून आहे, फक्त कोणी तिला सांगितलेलं नाही. बघा, समोरच्याला त्यु म्हणायचं की वू, यात इंग्लिशवाली मुलं गोंधळतात, आपल्याला तू आणि तुम्ही जन्मापासून माहीत आहे, आणि आपल्या तुम्हीसारखंच वू एका मोठ्या माणसाला पण चालतं आणि अनेकांना पण. आपल्याकडे ती गेली आणि तो गेला वेगळं, तसंच फ्रेंचमध्ये जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे, पडणे अशा ठराविक क्रियापदांचा भूतकाळ एत्र लावून होतो आणि मग बाई असेल तर शेवटी एक जादा ई लिहायचा. शाळेत ही क्रियापदं डॉक्टर मिसेस व्हॅन्डरट्रॅम्प असं एक नाव करून पाठ करून घेतात, एकेका अक्षरावरून एकेक क्रियापद, ते चांगलं आहे, करू द्या, पण गेला-गेली सांगितलं की ती ई कशासाठी लागते हे तिला कळेल आणि मग विसरणार नाही.

याहून भारी सांगते. आपण म्हणतो मी निबंध लिहिला, मी चिठ्ठी लिहिली. लिहिणारी तीच, पण क्रियापद बदललं ते निबंध आणि चिठ्ठीमुळे. इंग्लिशमध्ये असं काही नाही. फ्रेंचमध्ये आहे, पण एका अटीवर, ज्याच्याबद्दल बोलतोय ती वस्तू वाक्यात आधी आली तरच. मी एक चिठ्ठी लिहिली हे ज्ये एक्री युन लेत्र, इथे काही बदल नाही, पण मी लिहिलेली चिठ्ठी म्हणायचं तर ला लेत्र क ज्ये एक्रीत, चिठ्ठी आधी आली, ती स्त्रीलिंगी, म्हणून एक्रीचं एक्रीत झालं आणि इथे तो त चक्क ऐकू पण येतो. ग्रामरच्या भागात यावर प्रश्न विचारतातच आणि भली भली मुलं इथे मार्क घालवतात. मराठी बोलणाऱ्या मुलीला लिहिलेली चिठ्ठी आणि लिहिलेला निबंध एवढं दाखवलं की अर्धं काम झालं.

तसंच पासे कोंपोझे आणि आंपारफे, दोन भूतकाळ, कुठला कधी वापरायचा यात वर्ग रडतो. तिला म्हणा, लहानपणी आम्ही दर रविवारी कमाटीबागेत जायचो, तिथे छोट्या गाडीत बसायचो, हे जायचो-बसायचो सगळं आंपारफे. आणि एकदा तिथे माझी चप्पल हरवली, हे हरवली म्हणजे पासे कोंपोझे. नेहमी व्हायचं ते एक, एकदा झालं ते दुसरं. नियम याहून थोडा मोठा आहे, वर्णन पण आंपारफेत येतं, पण नववीला सुरुवात इथून केली की पुढचं समजतं. आणि वय सांगताना मी चौदा आहे असं इंग्लिशवरून ज्य स्वी लिहितात ना मुलं, ते चूक, तिथे अव्वार लागतं, ज्ये कातोर्झ आँ, भूक लागली, तहान लागली यालाही अव्वारच, आपण तरी कुठे मी भुकेली आहे असं म्हणतो रोज, मला भूक लागलीय म्हणतो.

सगळंच जुळतं असं मात्र नाही हां. आपल्याकडे तीन लिंगं, त्यांच्याकडे दोनच, आणि खुर्ची तिकडे पण स्त्रीलिंगी पण चंद्र तिकडे स्त्रीलिंगी, पुस्तक पुल्लिंगी, त्याला मराठीचा काही उपयोग नाही. तिथे एकच उपाय, शब्द कधीही एकटा लिहायचा नाही, पुल्लिंगी असेल तर ल, स्त्रीलिंगी असेल तर ला लावूनच वहीत उतरवायचा आणि तसाच पाठ करायचा. ज्या मुलांनी सहावीपासून नुसते शब्द पाठ केलेत त्यांना नववीत विशेषणं आली की सगळीकडे अडतं. तिची जुनी वही उघडून बघा, शब्दांच्या आधी ल-ला नसेल तर ते काम पहिलं काढा.

आता शिकवणाऱ्याबद्दल. तुम्ही विचारलंत भाषा येत नसताना कसं ओळखायचं. ट्रायल तास घ्या, दोघांचाही घ्या, आणि तुम्ही त्याच खोलीत भाजी निवडत बसा. भाषा कळू नये, तरी एक कळतंच, कोण बोलतंय. तासभर मॅडमच बोलत असतील आणि मुलगी मान हलवत लिहून घेत असेल तर ती बॅचच झाली, फक्त घरी आलेली आणि महाग. मुलगी मोठ्याने वाचतेय, अडतेय, मॅडम थांबून परत म्हणायला लावतायत, तिने चुकीचं वाक्य केलं तर लगेच बरोबर उत्तर सांगून न टाकता कुठे चुकलं ते तिलाच शोधायला लावतायत, असं दिसलं तर माणूस चांगलं आहे. आणि तास संपल्यावर त्यांना सरळ विचारा की माझ्या मुलीचं नेमकं काय कच्चं आहे. चांगला शिकवणारा एका तासात दोन-तीन गोष्टी नेमक्या सांगेल, लिंग चुकतं, क्रियापदाचे शेवट येत नाहीत, ऐकून लिहिता येत नाही असं. नुसतं ‘बेसिक वीक आहे, वर्षभर करायला लागेल’ असं उत्तर आलं तर पुढचं माणूस बघा.

शिक्षण काय झालंय ते विचारायला लाजू नका. डेल्फ बी-टू झालेलं असेल किंवा एमए फ्रेंच केलेलं असेल तर नववी-दहावीसाठी छान, पण त्याबरोबर सीबीएसईचा पेपर माहीत असणंही तेवढंच महत्त्वाचं, कारण काही जण फ्रेंच फाडफाड बोलतात पण आँत्र ज्यन त्यांनी उघडून बघितलेलं नसतं. आणि आपण बडोद्यात आहोत, एम. एस. युनिव्हर्सिटीच्या आर्ट्स फॅकल्टीत फ्रेंच शिकवतात, तिथे मोठ्या वर्गात शिकणाऱ्या मुली ट्यूशन घेतात का याची फतेहगंजकडे जाऊन चौकशी करा, डिपार्टमेंटमध्येच विचारा. अशी वीस-बावीस वर्षांची शिकणारी मुलगी तुमच्या लेकीला खूप चालेल असं मला वाटतं, तिला स्वतःला हे सगळं कसं जड गेलं होतं ते अजून आठवत असतं, आणि चौदा वर्षांची मुलगी ताईसमोर चुकायला घाबरत नाही तेवढी मॅडमसमोर घाबरते.

वर्षभराची फी एकदम देऊ नका. किती का चांगल्या असेनात. महिन्याचे द्या, आणि महिन्याचे म्हणजे किती तास ते आधी ठरवा, सुट्टी पडली तर तास भरून देणार का तेही. तासाचा दर काढूनच दोघांची तुलना करा, नाहीतर महिन्याचा आकडा फसवतो, कोणी आठ तास देतं, कोणी बारा. त्या मॅडम महिन्यावर तयार नसतील तर नम्रपणे नाही सांगा, अजून शिकवणारे आहेत गावात.

ऑनलाइनवाल्या मुलाला नुसतं ऑनलाइन म्हणून नाकारू नका. एकटीचा तास असेल तर ऑनलाइन चालतं, काही बाबतीत बरंही पडतं, मांजलपूरहून कुठे जायला-यायला नको, ट्रॅफिक नको. पण दोन गोष्टी हव्यात. चांगला हेडफोन, कारण ते नाकातले आवाज फोनच्या स्पीकरवर सगळे एकसारखे ऐकू येतात, आणि तिची वही त्याला दिसली पाहिजे, म्हणजे तिने लिहिलेलं तिथल्या तिथे त्याला दाखवायचं किंवा दोघांनी एकाच ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये लिहायचं. नुसता स्क्रीनवर पीपीटी दाखवत असेल तर नको. आणि घरी येऊन शिकवणारं असो की ऑनलाइन, तास हॉलमध्ये, दार उघडं, घरात मोठं माणूस हजर, कोणीही असलं तरी हा नियम ठेवा, यात कोणावर संशय वगैरे नाही.

आठवड्यातून दोन तास पुरे. रोज नको, कारण दोन तासांच्या मध्ये तिने स्वतः करायचं काम जास्त महत्त्वाचं आहे. तासात काय व्हावं याबद्दल तुम्ही हक्काने सांगू शकता, सुरुवातीला मागच्या वेळच्या चुका, मग थोडं मोठ्याने वाचन, मग दिक्ते म्हणजे ऐकून लिहिणं, चार-पाच ओळींचंच, पण प्रत्येक तासाला, कारण ते न ऐकू येणारे शेवट फक्त याच सवयीने हातात बसतात. मग एखादा ग्रामरचा मुद्दा, आणि शेवटी तिने स्वतः पाच-सहा वाक्यं लिहायची, मैत्रिणीला पत्र वगैरे. तिच्या चुकांची एक वेगळी वही करायला लावा, डावीकडे तिने लिहिलेलं, उजवीकडे बरोबर केलेलं, आणि का चुकलं ते मराठीत एका ओळीत. ही वही तुम्हाला पण वाचता येईल, तीच चूक महिनाभर परत परत येतेय की बंद झालीय हे तुम्हाला फ्रेंच न येता दिसेल. ट्यूशनचा उपयोग होतोय का हे मोजायला मला तरी याहून चांगला मार्ग माहीत नाही, युनिट टेस्टचे मार्क नंतर येतात.

पत्र-निबंध मोबाईलवर ट्रान्सलेट करून वहीत उतरवत असेल तर ते मात्र बंद. चिडू नका, सगळीच मुलं करतात, पण असं लिहिलेलं परीक्षेत येत नाही आणि शिकवणाऱ्यालाही खरी पातळी कळत नाही. त्याऐवजी मोबाईलचा चांगला उपयोग सांगते, टीव्ही-फाइव्ह-मोंदची फ्रेंच शिकायची साइट फुकट आहे, ए-वन पासून लेव्हलप्रमाणे छोटे व्हिडिओ आणि त्यावर प्रश्न असतात, तिथे ए-वनलाच सुरुवात करू दे, नववीत आहे म्हणून वरच्या लेव्हलला उडी नको. आरएफआय रेडिओचं सोप्या फ्रेंचमधलं रोजचं दहा मिनिटांचं बातमीपत्र पण असतं, खाली सगळा मजकूर लिहिलेला मिळतो, पण ते तिला आत्ता जड जाईल, दहावीत बघा.

शाळेतल्या नव्या मॅडमना एकदा भेटा. तक्रार घेऊन नाही, मदत मागायला. त्या पण वर्षाच्या मध्ये येऊन दोन महिन्यांचा राहिलेला पोर्शन ओढतायत, भराभर शिकवतात ते त्यामुळेच असेल. त्यांना विचारा की वर्षअखेरीपर्यंत कुठले धडे आणि ग्रामरचे कुठले मुद्दे आहेत, ती यादी ट्यूशनवाल्यांना द्या, म्हणजे शाळेत एक आणि घरी तिसरंच असं होणार नाही. इंटर्नलचे २० मार्क पण त्यांच्याच हातात आहेत, त्यात बोलणं, वही, प्रोजेक्ट येतं, तिथे मुलगी प्रयत्न करतेय एवढं त्यांना दिसलं पाहिजे.

वेळापत्रक आपल्या गावाप्रमाणे लावा. उत्तरायणचे दोन दिवस कोणी पुस्तक उघडणार नाही, उघडू पण नये, आणि पुढच्या वर्षी दहावीत गणपती, मग नवरात्रातल्या गरब्याच्या रात्री आल्या की सकाळी मुलं पेंगतात, त्यामुळे त्या दिवसांत नवीन काही शिकवायला सांगू नका, जुनंच म्हणून घ्या. गरबा बंद करून फ्रेंच करायला लावलंत तर फ्रेंचचा राग येईल, फायदा काहीच नाही.

मला जमणारच नाही असं ती म्हणाली, त्यावर तिला तुला जमेल गं असं नुसतं म्हणू नका, चौदा वर्षांच्या मुलीला ते खोटं वाटतं. तिला जमलेलं काहीतरी दाखवा. दोन आठवडे आजोबांसमोर ती चार क्रियापदं म्हणून झाली की सहामाहीच्या पेपरातला ग्रामरचा प्रश्न परत सोडवायला द्या, तोच, आणि जुन्या उत्तराशेजारी ठेवा. फरक पडलेला तिला स्वतःला दिसेल. ट्यूशन पण या दोन आठवड्यांनंतर सुरू केलीत तरी चालेल, उलट बरंच, कारण मग महागाचे तास रूपं पाठ करण्यात जाणार नाहीत.

डेल्फचं. आत्ता नको. परीक्षा चांगली आहे, एकदा पास झालं की सर्टिफिकेट कायमचं चालतं, ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं या चारहींना २५-२५ मार्क, शंभरात ५० लागतात आणि प्रत्येक भागात किमान ५, म्हणजे बोलण्यात शून्य मिळवून बाकीच्यावर पास होता येत नाही. आत्ता बसवलीत तर आणखी एक परीक्षा एवढंच तिला दिसेल, फी आणि आलियान्स फ्रान्सेझ या फ्रेंचच्या संस्थेसाठी अहमदाबादची फेरी वेगळी. दहावीचा बोर्ड झाला की मोठी सुट्टी मिळते, तेव्हा तिलाच विचारा, तोवर हे सगळं ग्रामर झालेलं असेल आणि फक्त ऐकण्या-बोलण्याची तयारी लागेल, ए-टू तिला जड जाऊ नये. ती नको म्हणाली तर नको, अकरावीला फ्रेंच नसलं तरी काही अडत नाही.

पेपर बघून झाला की कुठल्या भागात किती गेले ते मला कळवा, त्याप्रमाणे ट्यूशनवाल्यांना काय सांगायचं ते अजून नेमकं लिहीन.